पाठ झालेला तक्ता

हिवरधारच्या शाळेत पटावर एक्केचाळीस मुलं होती. सदतीस झाली तरी एकाचाही डोळा कमी निघाला नव्हता.

दिवसातली ती तिसरी शाळा. सकाळपासून एकशे ऐंशी मुलं, म्हणजे तीनशे साठ डोळे झाले होते आणि काठी धरून माझा उजवा खांदा भरून आला होता. मी तक्त्याजवळ उभा राहून अक्षराखाली काठी धरायची, सहा मीटरवरच्या मुलाने ते अक्षर वाचायचं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या शाळेच्या भालशंकर बाईंनी आधी एक, मग दुसरा डोळा पुठ्ठ्याने झाकायचा. सगळ्यात वर एकच मोठं अक्षर, खाली उतरत सातव्या ओळीला बारीक अक्षरं. सातवी वाचली की नजर पूर्ण. वहीत सहा-सहा लिहायचं आणि पुढच्याला बोलवायचं.

जीपचा ड्रायव्हर इस्माईलभाई बाहेरून खिडकीत कोपर टेकवून बघत होता.

"साहेब, या गावात गाजरं लई पिकत असणार," तो म्हणाला. "आज पाचच्या आत घरी."

मलाही तेच हवं होतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. पदाचं नाव मोठं असलं तरी मी डॉक्टर नव्हतो. नजर तपासायची, चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूची म्हातारी माणसं जिल्ह्याला पाठवायची आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळा. गावोगावी मला 'डोळ्याचे साहेब' म्हणत. ही एकोणीसशे सत्त्याण्णवच्या ऑगस्टमधली गोष्ट.

अडतिसावी मुलगी दुसरीतली, चंद्रकला. बाईंनी तिचा उजवा डोळा झाकला. तिने वरपासून वाचायला सुरुवात केली, एका सुरात, न अडखळता. सहाव्या ओळीशी बाहेर इस्माईलभाईने जीपचं बॉनेट उघडलं आणि चंद्रकला मान वळवून तिकडे बघू लागली. वाचन चालूच होतं. माझी काठी सातव्या ओळीच्या मध्यावर होती तेव्हा तिची ओळ संपली होती.

मी काठी उचलली आणि त्याच ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून उलट न्यायला लागलो. चंद्रकलाने ओळ पुन्हा सुलट म्हणून दाखवली.

"बाई, साहेब उलटं इचारायलेत," मागून कुणीतरी तक्रार केली आणि वर्ग हसला.

तक्ता शेजारच्या खोलीत सापडला, पहिली-दुसरी बसते त्या. माझ्या तक्त्यासारखाच, फक्त जुना. कडांना कापडाची पट्टी चिकटवलेली, खालच्या चार ओळी मुलांच्या बोटांनी काळवंडलेल्या. दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याने शाळाशाळांतून वाटला होता. शिक्षकांनी आधी मुलं चाळून ठेवावीत म्हणून. या शाळेतली पोरं त्याच्यावरच अक्षरं शिकली होती. जे मूल आलं ते तक्ता पाठ करूनच पुढच्या वर्गात गेलं होतं.

भालशंकर बाईंना मी वर्गासमोरच बोललो. एरवी बोललो नसतो, पण दुपार उलटली होती आणि आता एक्केचाळीस मुलं पहिल्यापासून करावी लागणार होती. मी म्हणालो, हा वाचनाचा तक्ता नाही, हे एवढं तरी शिकलेल्या माणसाला कळायला हवं. यातलं एखादं पोर आंधळं असतं तरी आज माझ्या वहीत पास झालं असतं.

बाई पस्तिशीच्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं नाही.

"पहिलीसाठी अक्षरांचा तक्ता चार वर्षांत आलेला नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "हा आला. मोठं अक्षर वर, बारीक खाली. मला वाटलं, कुणीतरी पोरांचा विचार करून केलाय."

पिशवीत तळाला माझा दुसरा तक्ता होता. त्यावर अक्षरं नसतात, तीन दातांच्या फण्या असतात. कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे बाजूला. मुलाने हातातली पुठ्ठ्याची फणी त्या दिशेला वळवून दाखवायची. यात पाठ करण्यासारखं फारसं नसतं. पण वेळ तिप्पट लागतो, म्हणून वाचता येणाऱ्या मुलांना आम्ही अक्षरंच विचारत असू. त्या दिवशी तो काढला. इस्माईलभाईने बॉनेट लावून टाकलं आणि मागच्या सीटवर आडवा झाला.

एक्केचाळिसांत तीन निघाली. दोघांना साधा चष्मा लागणार होता. तिसरी चंद्रकला. उजवा डोळा पूर्ण. उजवा झाकला तर तिला सहा मीटरवरची सगळ्यात मोठी फणी दिसेना. चार मीटरवर दिसेना. दोन मीटरवर आणली तेव्हा तिने हातातली फणी हळूच वळवली.

बॅटरीने बघितलं. डोळा स्वच्छ, सरळ, तिरळेपणाचा मागमूस नाही.

ओसरीवर बसून मी बाईंना सांगितलं. चिडून झालं होतं आणि माहिती देणं माझ्या कामात होतं. या डोळ्याला काही रोग नाही. लहानपणापासून एका डोळ्याचा नंबर फार जास्त, त्यामुळे त्याचं चित्र पुसट. मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र घेतो आणि पुसट सोडून देतो. वापर नाही म्हणून डोळा आळसावतो. चष्मा द्यायचा आणि चांगला डोळा रोज सहा तास पट्टीने बंद ठेवायचा. मग मेंदूला दुसरा वापरावाच लागतो. पण हे लहानपणीच होतं. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर उत्तम, सात-आठनंतर दर महिन्याला आशा कमी.

"चांगला डोळा बंद करायचा?" बाईंनी दोनदा विचारलं. "आधू नाही?"

"चांगला."

"सरळ डोळे असताना घरच्यांना कळायचं कसं?"

"कळत नाही. तपासावंच लागतं."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी. दुसरीला आहे."

"मग तिचं तरी वेळच्या वेळी होत असेल."

"दर सहा महिन्यांनी," मी म्हणालो. "दोन्ही सहा-सहा."

परतताना मी रुग्णालयात उतरलो आणि अहवाल लिहून आवकजावकमध्ये देऊन टाकला. एक प्रत शिक्षण विभागाला. शेवटची ओळ अजून आठवते : 'संबंधित शिक्षिकेकडून खुलासा मागवावा.' कामं साठवायची नाहीत ही माझी सवय होती.

घरी पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. माझी बायको शालन शिवणयंत्रावर बसली होती. गावातले ब्लाऊज ती शिवत असे. मंजू जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. शालनने चहा दिला. मी हिवरधारची हकिकत सांगितली, इस्माईलभाईच्या गाजरांसकट. शालन हसली.

मंजूने वहीतून मान वर केली नाही. पेन्सिल चालू ठेवून ती म्हणाली, "द न व ग र म ख."

मग म्हणाली, "आणि उलटी, ख म र ग व न द. मला उलटी पण येते, बाबा."

आमच्या दाराच्या मागच्या बाजूला तक्ता होता. हे घर भाड्याने घेताना मी न्हाणी पाहिली नव्हती, पाणी किती वेळ येतं विचारलं नव्हतं. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत बरोबर सहा मीटर भरतात हे मोजलं होतं. नवा साठा आला तेव्हा जुना एक तक्ता आणून लावला. मंजू तीन वर्षांची असताना त्याच्यासमोर उभी राहून पहिलं अक्षर शिकली. साडेतीनला सातवी ओळ म्हणायला लागली. घरी आलेल्या माणसांना मी ते करून दाखवायला लावत असे. चौथ्या वर्षापासून दर जानेवारी आणि जुलैत त्याच तक्त्यावर तिची तपासणी, आणि डायरीत नोंद. सहा-सहा, सहा-सहा. आठ नोंदी होत्या.

मी चहा संपवला. कपबशी मोरीत नेऊन ठेवली. मग पिशवीतून फण्यांचा तक्ता काढून दारावर जुन्यावरच लावला आणि तिला उंबऱ्याशी उभं केलं.

डावा डोळा झाकला. सातव्या ओळीपर्यंत एकही चूक नाही.

उजवा झाकला. तिने लगेच माझा हात बाजूला केला.

"हात काढा ना, बाबा."

"वरची फणी कुठं आहे, दाखव."

"हात काढल्यावर दाखवते."

शालनचं यंत्र थांबलं होतं. मी मंजूला पुढे आणलं, चार मीटर, तीन. दोन मीटरवर ती म्हणाली, काहीतरी काळं आहे. दीड मीटरवर फणी वळली.

शालन यंत्रावरून उठून जवळ आली. मग आवाज न चढवता म्हणाली, "सुईत दोरा ओवताना ही मान वाकडी करते, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. पेल्यात पाणी ओतताना बाहेर ओतते, तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी तपासलंय."

म्हणालो होतो.

जिल्ह्याचे डोळ्यांचे डॉक्टर मला शिबिरांमुळे ओळखत. त्यांनी बाहुली मोठी करणारं औषध घालून तपासलं आणि आधी वय विचारलं. सात वर्षं नऊ महिने, मी सांगितलं. "गवारे, चौथ्या वर्षी आणली असतीत तर," एवढं बोलून ते चष्म्याचा नंबर लिहायला लागले. उजव्याला जवळजवळ काही नाही, डाव्याला अधिक पाच. रोज सहा तास पट्टी. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे, ते म्हणाले.

मला जे माहीत होतं ते वहीतलं होतं. पहिल्याच आठवड्यात पट्टीच्या चिकटपणाने मंजूच्या भुवईखाली पुरळ आलं. घरात ती भिंतीला हात लावून चालायची आणि मध्येच खाली बसून राहायची. शाळेत मुलं तिला 'डाकू आली' म्हणत. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पट्टी डोळ्यावरच असायची, म्हणून आम्ही शाबासकी देत होतो. महिन्याभराने मी एकदा ती काढताना पाहिलं, तर चिकट बाजूला खडूची भुकटी आणि दप्तरातले धागे होते. शाळेच्या फाटकात ती काढायची आणि परतताना पुन्हा लावायची. शालनने शाळेत जाऊन सांगितलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, साठ पोरांत एकीच्या डोळ्याकडे कुठं बघू.

मग पट्टी घरीच. सकाळी सहापासून साडेदहापर्यंत, संध्याकाळी राहिलेले तास. मंजू रडून रडून पट्टी भिजवायची. शालनची गिऱ्हाइकं ताटकळायची, मी दौऱ्यावरून यायचो तेव्हा दोघी दोन कोपऱ्यांत असायच्या. दिवाळीनंतर मी तिला तपासलं. पहिली फणी तिने बरोबर दाखवली. दुसऱ्या ओळीतल्याही दोन्ही दाखवल्या. मी डायरीत लिहायला बसलो तेव्हा शालन म्हणाली, "दुसरी ओळ लिहू नका."

"का?"

"तिचा हात बरोबर वळला की तुम्ही मान हलवता. ती तक्त्याकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघते."

मी तक्त्याशेजारीच उभा होतो, दिवा माझ्यावर होता. दुसऱ्यांदा तोंड फिरवून घेतलं तर फक्त पहिली ओळ आली. तीन महिन्यांत एक ओळ.

नोव्हेंबरच्या मध्याला फेरतपासणीसाठी हिवरधारला जावं लागलं. इस्माईलभाईने रस्ताभर एकही चेष्टा केली नाही. मंजूचं त्याला कळलं होतं. शाळेत चंद्रकला पुढच्या रांगेत बसली होती, नाकावर चष्मा, उजव्या काचेमागे गॉजची घडी आणि पांढरी चिकटपट्टी. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. त्यातून बारीक खडे वेचून ती वेगळे करत होती. मी तिला तपासलं, माझं तोंड भिंतीकडे ठेवून. तिसरी ओळ पूर्ण.

मी बाईंना विचारलं, कसं केलं. त्यांनी हजेरीपट उघडून पुढे केला. चंद्रकलाच्या नावापुढे हजेरीच्या खुणेखाली दुसरी बारीक खूण होती, रोज.

"शाळा अकरा ते पाच. तुमचे सहा तास बरोबर बसतात," त्या म्हणाल्या. "प्रार्थना झाली की मी लावते, राष्ट्रगीत झालं की मी काढते. घरी काही ठेवलंच नाही. तिच्या आईला शेतात जावं लागतं, आजीला दया येते."

"मुलं चिडवत नाहीत?"

"चिडवली की. दोन दिवस. मग ज्याने चिडवलं त्याला पट्टी लावून तासभर खडे वेचायला बसवलं. आता तिला कुणी काही म्हणत नाही, उलट चिंचोके सोपे दिले तर तीच भांडते."

भिंतीवर तक्त्याच्या जागी चौकोनी फिकट डाग राहिला होता. मी त्याच्याकडे बघतोय हे त्यांनी बघितलं.

"खुलासा दिला मी," त्या म्हणाल्या. "एक ओळीचा. चूक मान्य, तक्ता काढला आहे. ताकीद आली. सेवापुस्तकात गेली."

मी सांगायला सुरुवात केली. दाराच्या मागचा तक्ता, आठ नोंदी, दीड मीटर, खडूची भुकटी. अहवाल द्यावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने मला ते सांगता आलं नसतं. मुलांची मधली सुट्टी संपून ती वर्गात येऊन बसली तरी आम्ही ओसरीवर होतो.

"घरचा तक्ता काढला का?" त्यांनी विचारलं.

"काढला."

"तुमच्याकडे खुलासा कुणी मागितला?"

"कुणी नाही."

त्यांनी हजेरीपट मिटला. मी म्हणालो, मंजूला या शाळेत घातलं तर. वाक्य पूर्ण करायला मला वेळ लागला, आणि त्यांनी तो दिला.

"मी तालुक्यालाच राहते," मग त्या म्हणाल्या. "दहाच्या एस.टी.ने येते. सोमवारी तिला स्टँडवर आणून सोडा. डबा द्या. आणि पहिले आठ दिवस तुम्ही शाळेकडे फिरकू नका."

सोमवारी स्टँडवर मंजूने माझी पॅन्ट घट्ट धरली होती. बाईंनी तिला काही समजावलं नाही. खिडकीजवळची जागा दिली आणि गाडी सुटण्याआधी सांगितलं, फाटा आला की मला सांगायचं, मला झोप लागते. नंतर मंजूने सांगितलं की बाई एकदाही झोपल्या नाहीत, नुसतं डोळे मिटून बसायच्या. आणि फाट्यावरची पाटी तिला पट्टी लावूनच वाचावी लागायची, कारण तिला पट्टी अकराला नाही, गाडीतच लागायची. तिच्या वाट्याला अर्धा तास जास्त होता. उशीर झाला होता ना, बाई म्हणाल्या.

मी शिक्षण विभागात जाऊन अर्ज दिला, की सदर प्रकरणी माझा अहवाल एकतर्फी होता, ताकीद रद्द व्हावी. कारकुनाने तो फायलीला लावला. पुढे मी तीनदा विचारलं. ताकीद होती तिथेच राहिली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टी लागायच्या आधी, हिवरधारची शेवटची तपासणी ठरली. शालनलाही यायचं होतं. ती मागच्या बाकावर मुलांच्यात बसली. चंद्रकला आधी झाली. पाचवी ओळ. तिची आजी दारात उभी होती, तिने पाचच का, सात का नाहीत म्हणून बाईंना विचारलं.

मग मंजूचं नाव आलं. मी काठी घेऊन तक्त्याकडे निघालो तर बाईंनी हात पुढे केला.

"काठी इकडे द्या, साहेब. तुम्ही तिच्या मागे उभे राहा. तिला तुमचं तोंड दिसता कामा नये."

मी मंजूच्या मागे उभा राहिलो आणि तिचा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला. तिने हात बाजूला केला नाही.

पहिली फणी. दुसरी ओळ. तिसरी, थोडी सावकाश. चौथीच्या शेवटच्या फणीला तिचा हात हवेत थांबला, मनगट अर्धं फिरलं, परत आलं आणि वर वळलं. बरोबर होतं. मी मान हलवली असेन, पण तिला दिसणार नव्हती.

पाचवी ओळ. पहिल्या फणीचे दात खाली होते. मला तिथून स्पष्ट दिसत होते. मंजूने हात डावीकडे वळवला. दुसरीचे उजवीकडे होते. तिने पुन्हा डावीकडेच धरला, आणि मग फणी खाली घेऊन मांडीला घासायला लागली. पुठ्ठ्यावरचे माझे हात मी हलू दिले नाहीत. बाई दोनदा म्हणाल्या, नीट बघ. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

तो डावा डोळा आज अठ्ठावीस वर्षांनी चौथ्या ओळीवरच आहे. मंजू गाडी चालवते, नोकरी करते, दोरा ओवताना अजून मान वाकडी करते.

बाईंनी काठी फळ्याला टेकवली, टेबलापाशी आल्या आणि वहीत लिहिलं : डावा, चौथी ओळ. तपासणाऱ्याच्या रकान्यात स्वतःची सही केली. मग वही फिरवून माझ्यापुढे सरकवली आणि पालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी सही केली.